ए-नाईनवरचा परशुराम घाट

"ए-नाईन? साहेब, डोळे बांधून सोडा मला त्या रस्त्यावर. बर्लिनला शिरेन आणि म्युनिकला बाहेर पडेन," शत्रुघ्न घाग म्हणाला, आणि साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट उगाचच या बाजूचा उचलून त्या बाजूला ठेवला.

उदय कारखानीस साहेबांनी भिंतीवरच्या युरोपच्या नकाशाकडे मान वळवली. "डोळे उघडे ठेवूनच दाखव."

शत्रुघ्न उठला. खाकरला. नकाशावर एक छानशी लांबलचक रेघ बघून त्याने तिच्यावर बोट टेकवलं आणि मोठ्या ऐटीत उजवीकडे ओढत नेलं.

"ही डॅन्यूब नदी आहे," साहेब म्हणाले. "आणि थांब आता. हंगेरीत पोचलास."

हे सगळं नव्व्याण्णव साली, कुवेतमधल्या एका कंत्राटदार कंपनीच्या एसी ऑफिसात चाललं होतं. कंपनीचं काम रस्त्यांवर पांढरे-पिवळे पट्टे मारायचं. शत्रुघ्न त्यातला फोरमन. मूळचा चिपळूणकडचा, पण कुवेतचे निम्मे पट्टे आपल्या हातचे आहेत असं तो सांगायचा आणि ते फारसं खोटंही नव्हतं. अकरा वर्षं तो हातगाडीसारखं मशीन ढकलत, उकळत्या रंगाच्या वाफा नाकात घेत, डोक्याला ओला गमछा गुंडाळून रस्त्यांवरून चालत होता. उन्हाळ्यात डांबर इतकं तापायचं, की चपलेचा तळवा रस्त्यालाच चिकटून मागे राहायचा आणि शत्रुघ्न पुढे जायचा.

आता कंपनी जर्मनीहून मोठं मशीन आणणार होती. त्याला केबिन होती. केबिनला काच होती, एसी होता, आणि आत खुर्ची होती. शत्रुघ्नने ब्रोशरमधला त्या खुर्चीचा फोटो पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. बसून पट्टा मारायचा! अकरा वर्षं उभ्याने रोजी कमावलेल्या माणसाला याहून मोठा स्वर्ग ठाऊक नव्हता.

पण खुर्चीवर बसायचं तर आधी जर्मनीला जाऊन तीन महिने शिकून यायला हवं होतं. शिकवणी होती ए-नाईन नावाच्या मोठ्या हायवेवर. बर्लिनपासून म्युनिकपर्यंतचा तो रस्ता, दोन जर्मन्या एक झाल्यावर सहा पदरी करायला घेतलेला, त्यामुळे पट्टे मारायला तिथे जागाच जागा. कंपनीतून एकच माणूस जाणार होता. हा नाही, तर दुबईच्या ब्रँचचा कुणीतरी. आणि जो शिकून येईल तोच कुवेतला येऊन खुर्चीत बसणार.

"मशीनवाल्या कंपनीचे ब्रांडनरसाहेब येतायत शुक्रवारी," कारखानीस म्हणाले. "माणूस तेच निवडणार. तुला इंग्रजी येत नाही, जर्मन येत नाही, आणि रस्ता म्हणून नदी दाखवतोस. मी काय सांगू त्यांना?"

"साहेब, शुक्रवारी आमच्याकडे गणपती आहे. त्यांना तिकडेच घेऊन या. यंदाच्या देखाव्यात अख्खा ए-नाईन आहे. माझ्या तोंडाने नको, देखाव्याने बोलू."

असा काही देखावा नव्हता. देखाव्यात त्या घटकेपर्यंत थर्माकोलची दोन कमळं होती, आणि त्यातल्या एकावर कोणीतरी बसलं होतं.

शत्रुघ्न कुवेतच्या अब्बासिया भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठ जणांत राहायचा. घरी येऊन त्याने ही बातमी दिली, तेव्हा काशिनाथ राणे कांदा चिरत होता. काशिनाथ त्याच कंपनीत सुतार, कणकवलीकडचा. गावी दशावतारात राक्षस व्हायचा, त्यामुळे मीठ मागितलं तरी समोरचा दचकायचा.

"मेल्या, जर्मनी खंय आसा ता तरी तुका ठावक आसा?" तो गरजला. "आणि रस्तो करतलंस?"

"कारखानीस साहेबांना शब्द दिलाय."

"शबूद तू दिलंस. प्लायवूड मी कापूक होया."

"खुर्ची मिळाली की तुला केबिनमध्ये बसवून फिरवीन."

काशिनाथने सुरी खाली ठेवली. "एसी लावतलंस?"

"फुल."

असा काशिनाथ देखाव्यात आला.

तिसरा माणूस म्हणजे इद्रीस पारकार. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, फहाहीलला भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचं दुकान. दरवर्षी या फ्लॅटच्या गणपतीची लायटिंग इद्रीसची असायची. त्याच्याशिवाय बल्ब लागले तर ते पाचव्या मिनिटाला जायचे, असा सगळ्यांचा अनुभव होता. इद्रीसला नुसतं "जर्मनी" म्हटलं, तर त्याने भंगारातल्या एका जुन्या मर्सिडीजचा खण उघडून त्यातून जर्मन रस्त्यांचं जाडजूड नकाशांचं पुस्तक काढलं.

"हे घे, घागशेट. गाडीबरोबर फुकट. इंजिन नाही तिला, पण रस्ता आहे."

मशीनच्या ब्रोशरमध्ये मागे ए-नाईनची सगळी कहाणी इंग्रजीत छापलेली होती. ती इद्रीसने वाचून सांगितली आणि दोघं तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. तीसच्या दशकात बांधलेला रस्ता. काँक्रीटचा. एका ठिकाणी तर असा सरळसोट, की तिथे वेगाचे विक्रम करायला गाड्या आणायचे. मग लढाई. लढाई संपता संपता जाले नदीवरचा मोठा पूल पळणाऱ्या सैन्यानेच उडवला. मग देशाचे दोन तुकडे, आणि सरहद्द नेमकी या रस्त्याला आडवी. पूल वीसेक वर्षं तसाच पडलेला. मग तो पुन्हा बांधला, पण फाटक होतंच. शेवटी फाटक उघडलं, देश एक झाला, आणि दोन्हीकडच्या गाड्या एकदम निघाल्या. रस्ता पुरेना, म्हणून सहा पदरी.

"ह्यात राक्षस कोण?" काशिनाथने विचारलं.

"कंत्राटदार असेल," इद्रीस म्हणाला.

ब्रोशरमध्ये एक फोटो असा होता, की काशिनाथने तो तीनदा उलटा-सुलटा करून पाहिला. हायवेच्या वर, रस्त्याला आडवं, पुलासारखं बांधलेलं हॉटेल! खालून गाड्या जातायत आणि वर माणसं जेवतायत. शत्रुघ्नच्या डोक्यात तिथेच मखर तयार झालं. "बाप्पा इथे बसणार. गाड्या खालून दर्शन घेऊन जाणार."

"गणपती हाटेलात?" काशिनाथ दचकला. "थंय काय काय शिजवत असतीत!"

यावर बराच खल झाला. शेवटी हॉटेलवर पाटी लावायची ठरली: शुद्ध शाकाहारी.

मग सुरू झाली ठोकाठोक. खाटा भिंतीला उभ्या झाल्या, माणसं दाराच्या बाहेर जेवू लागली. आठ फुटी प्लायवूडवर बर्लिन एका टोकाला, म्युनिक दुसऱ्या टोकाला. फहाहीलच्या स्वस्त दुकानातून आणलेल्या खेळण्यातल्या गाड्या एका लांब पट्ट्यावर चिकटवल्या. पट्टा एका बाजूने बर्लिनला जायचा आणि दुसऱ्या बाजूने परत यायचा. फिरवायला इद्रीसने वायपरची मोटर दिली. त्याच मोटरवर तुपाचा रिकामा डबा बसवला आणि डब्यावर दोऱ्या गुंडाळल्या. मोटर चालली, की गाड्या तर धावायच्याच, शिवाय दोऱ्या एकामागून एक ओढल्या जाऊन इतिहास घडायचा. आधी काळ्या कापडाचा रस्ता उलगडायचा. मग पूल पडायचा, आणि लपवलेल्या पिशवीतून टाल्कम पावडरचा धूर उडायचा. मग फाटक बंद. मग पूल उभा. मग फाटक खुलं. आणि शेवटी दोन्ही कडांच्या पट्ट्या बाहेर सरकून रस्ता सहा पदरी. कॅसेटवर काशिनाथचा आवाज. त्याने पहिल्याच वाक्याला "ऐका होऽऽ" अशी आरोळी ठोकली आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला झाडू मारला.

अडचण एकच आली. नकाशाच्या पुस्तकात न्यूरेंबर्ग होतं, बायरॉइट होतं, पण त्यांच्या मधलं पान नव्हतं. मर्सिडीजच्या मालकाने कधीतरी ऑइलची काडी पुसायला फाडलं असावं.

"मधे काय असेल?" शत्रुघ्नने विचारलं.

"डोंगर आहेत असं ब्रोशरमध्ये लिहिलंय," इद्रीस म्हणाला.

शत्रुघ्नचा चेहरा उजळला. "डोंगर आहेत म्हणजे घाट असणार. आणि घाट मला दुसऱ्याने शिकवायला नको."

दुसऱ्या दिवशी न्यूरेंबर्ग आणि बायरॉइटच्या मधे हुबेहूब परशुराम घाट उभा होता. गर्रकन वळणारी वळणं, वळणावर पांढरे दगड, दरीच्या कडेला चहाची टपरी, वर हिरव्या भुश्शात देऊळ. हात चालता चालता शत्रुघ्नने मैलाच्या दगडावर "चिपळूण" असंही लिहून टाकलं, आणि लिहिल्यावर त्याला ते इतकं आवडलं, की पुसवेना.

गणपती बसले. मुंबईहून कोणाच्या तरी बॅगेत बनियनांमध्ये गुंडाळून आलेली वीतभर मूर्ती, जर्मन हॉटेलात, शाकाहारी पाटीखाली. आरती हळू आवाजात, खिडक्या लावून, एसीच्या घरघरीत. आणि आरतीनंतर देखावा सुरू झाला, की शेजारपाजारच्या फ्लॅटमधली पोरं पुढे आणि त्यांचे बाप मागे, असे टाचा वर करून बघायचे. इमारतीचा राखणदार यूसुफ, हारिस म्हणतात तिकडे, तो एवढी गर्दी कसली म्हणून रागावून वर आला, पूल पडताना पाहिला, आणि खुर्ची मागून बसला.

गुरुवारी संध्याकाळी इद्रीस मोदक खात देखाव्याकडे बघत होता. बघता बघता चावायचा थांबला.

"घागशेट, जर्मनीत गाड्या कुठल्या बाजूने चालवतात?"

"उजव्या. इथल्यासारख्याच."

"मग ह्या डाव्या बाजूने का पळतायत?"

वर्षानुवर्षं तिघंही कुवेतमध्ये उजवीकडून चालत होते, शत्रुघ्न तर उजवीकडून पट्टे मारत होता. पण देवासाठी म्हणून हात चालले, तेव्हा ते गावच्या बाजूने चालले.

"उद्या तो जर्मन येतलो आणि बघतलो, सगळी जर्मनी राँग साईड!" काशिनाथने डोक्याला हात लावला.

"घाबरता कशाला?" इद्रीस म्हणाला. "मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडू. पट्टा उलटा फिरेल. झालं!"

वायरी उलट्या झाल्या. बटण क्षणभर दाबून पाहिलं, पट्टा उलटा फिरला. गाड्या आता बरोबर बाजूने पळू लागल्या, फक्त सगळ्या रिव्हर्समध्ये. मग काशिनाथने एकेक गाडी उपटून, वळवून, परत चिकटवली. एक लाल गाडी घाटातल्या टपरीआड होती, ती राहून गेली. पूर्ण देखावा पुन्हा चालवून बघायला हवा होता, पण धुराची पिशवी नुकतीच ठासून भरली होती, आणि एकदा पावडर उडाली की खोली झाडायला तास जायचा. "डब्याला आपण हात कुठे लावलाय?" शत्रुघ्न म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. मोटर एकच आहे, हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

शुक्रवारी ब्रांडनरसाहेब आले. दारातून वाकून आत शिरावं लागणारा, उन्हाने गाजरासारखा झालेला माणूस, अंगात गडद निळा कोट. बरोबर कारखानीस साहेब, दुभाषे म्हणून. ब्रांडनरसाहेबांनी बूट काढले, बाप्पाला बघून बिचकत हात जोडले, आणि मग त्यांची नजर खालच्या हॉटेलवर गेली. ते जवळजवळ ओरडलेच.

"काय म्हणाले?" शत्रुघ्नने घाबरून विचारलं.

कारखानीस एक क्षण अडखळले. ब्रांडनरसाहेब म्हणाले होते, की इथे मी लहानपणी बापाबरोबर डुकराचं सॉसेज खायचो. "ते म्हणतायत, इथे त्यांनी लहानपणी नाश्ता केलाय," साहेबांनी मूर्तीकडे न बघता सांगितलं.

"बघ!" शत्रुघ्नने काशिनाथला कोपर मारलं. "म्हटलं नव्हतं, चांगलं हॉटेल आहे!"

मग त्याने पुढे होऊन शर्ट खाली ओढला, आणि एसी केबिनचं स्मरण करून बटण दाबलं.

"ऐका होऽऽ!" कॅसेट गरजली. "माळरानावर उलगडला काळाभोर रस्ता!"

देखाव्यात रस्ता आधीच उलगडलेला होता, कारण रात्रीपासून सगळं शेवटच्या स्थितीत होतं. त्याचे सहा पदर आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत सरकले आणि चार झाले.

शत्रुघ्नने डोळे मिचकावले.

"आणि मग लढाईत पूल कोसळला!" कॅसेट म्हणाली. पूल जागचा हलला नाही. त्याऐवजी फाटक धाडकन बंद झालं.

"बंद कर, बंद कर!" शत्रुघ्न पुटपुटला. इद्रीस बटणाकडे धावला, पण मधे हारिस यूसुफ खुर्ची टाकून बसला होता, आणि तो उठायला तयार नव्हता.

"देशाचे तुकडे झाले, फाटक बंद झालं!" कॅसेटवर काशिनाथ हुंदका देत होता. नेमक्या त्याच क्षणी पूल पडला. धुराची ठासून भरलेली पिशवी फुटली, आणि पावडर ब्रांडनरसाहेबांच्या निळ्या कोटावर, मिशांवर आणि हातातल्या मोदकावर बसली. ते हॉटेलशेजारी उभे होते. एखादं बर्फाचं झाड उभं असावं तसे दिसत होते.

पुढे फाटक उघडलं, पूल आपोआप उभा राहिला, आणि कॅसेटने "आणि अखेर, अखेर रस्ता सहा पदरी झालाऽऽ!" अशी किंकाळी फोडली, तेव्हा अख्खा ए-नाईन गोल गुंडाळत गुंडाळत बर्लिनच्या मागे गेला. उघड्या प्लायवूडवर गाड्या पळत राहिल्या. घाटातून लाल गाडी रिव्हर्समध्ये बाहेर आली.

शत्रुघ्नला ती केबिनमधली खुर्ची दुबईच्या दिशेने जाताना स्पष्ट दिसली.

ब्रांडनरसाहेबांनी मोदकावर फुंकर मारली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं शिंक येतेय. पण ते हसत होते. इतके हसले, की त्यांना प्लायवूडचा आधार घ्यावा लागला आणि लाइपझिग शहर आडवं झालं. डोळे पुसत ते कारखानीसांशी बरंच काही बोलले. या वेळी साहेबांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"ते म्हणतात, रुंदीकरण असंच असतं. काम सुरू झालं की असलेले पदर आधी कमीच होतात, आणि लोक तासन् तास अडकतात. आमचे मंत्री फोटोत हे कधी दाखवत नाहीत. तुम्ही दाखवलंत."

"आता मी तेच म्हणणार होतो," शत्रुघ्न म्हणाला.

"मेल्या, गप," काशिनाथ म्हणाला.

मग ब्रांडनरसाहेबांनी घाटावर बोट ठेवलं. ह्या रस्त्यावर मी हजार वेळा गाडी चालवलीय, म्हणाले, ही वळणं कधी लागली नाहीत. हे काय आहे?

कारखानीस साहेबांनी मैलाचा दगड वाचला आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. शत्रुघ्न मात्र पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने साहेबाशी सरळ इंग्रजीत बोलायचं धाडस केलं.

"ओल्ड रोड, सर. व्हेरी ओल्ड. गॉड मेड."

ब्रांडनरसाहेबांनी घाटाकडे पुन्हा एकदा आदराने पाहिलं. टपरीकडे, देवळाकडे, मागे मागे जाणाऱ्या लाल गाडीकडे. मग ते कारखानीसांकडे वळून म्हणाले, की मी किती तरी देशांत मशिनी विकतो. सगळीकडे मला कबाब खाऊ घालतात, उंट दाखवतात. माझा रस्ता बनवून त्यावर देव बसवणारा माणूस आजवर भेटला नव्हता. ह्याला पाठवा. आणि कृपा करून ते बटण पुन्हा एकदा दाबा.

त्या दिवशी बटण इतक्या वेळा दाबलं गेलं, की अब्बासियातल्या त्या गल्लीत टाल्कम पावडर संपली. कोट काढून ठेवून ब्रांडनरसाहेब स्वतः पिशवी भरत होते आणि हारिस यूसुफ त्यांना कुठे किती भरायची ते हाताने दाखवत होता. निघताना शत्रुघ्नने त्यांच्या हातात प्रसादाचा डबा दिला आणि त्यांच्या कानात इद्रीसमार्फत विचारलं, की खुर्ची मागेपुढे सरकते का. सरकते, ते म्हणाले. आणि गरम पण होते.

"गरम कशाला?" काशिनाथने विचारलं. "माणसाक भाजतत की काय?"

शत्रुघ्न त्या दिवसापासून कामावर हातगाडीचं मशीन ढकलायचा, पण चालताना थोडा गुडघ्यात वाकून, सवय व्हावी म्हणून.

कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांसाठी पळणारा माणूस, शत्रुघ्नच्या व्हिसाच्या मागे लागला. एकदा फोटो चुकले, एकदा सही राहिली, एकदा मंदूबच सुट्टीवर गेला. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डिसेंबरात व्हिसा आला. इद्रीसने भंगारातल्या एका गाडीच्या डिकीत सापडलेला ओव्हरकोट दिला. काशिनाथने लोणच्याची बरणी दिली आणि विमानतळावर सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डाव्या बाजून चलू नको रे!"

शत्रुघ्न ए-नाईनवर पोचला त्या दिवशी बर्फ पडला. थंडीत रंग रस्त्याला धरत नाही, म्हणून पट्टे मारायचं काम वसंत ऋतूपर्यंत बंद झालं होतं. मशिनी शेडमध्ये होत्या आणि शेडला कुलूप होतं. शत्रुघ्नला दुसऱ्या एका गाडीच्या गरम खुर्चीवर बसवण्यात आलं. तीन महिन्यांनी तो सर्टिफिकेट घेऊन कुवेतला परतला. सर्टिफिकेट बर्फ सारायच्या गाडीचं होतं.